कलमाच्या चाकूला कोल्हापुरी मूठ

कोल्हापूरला माणसं देवीला जातात, नाहीतर चपला आणायला. मी चाकूला मूठ बसवायला चाललोय म्हटल्यावर लांज्याच्या स्टँडवरचे कंट्रोलर हसलेच. "का हो, लांज्यातले सुतार मेले काय?"

मेले नव्हते. पण खरं कारण तेव्हा मी बायकोखेरीज कुणाला सांगितलेलं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही.

माझा धंदा आंब्या-काजूच्या कलमांचा. त्याच्या आदल्या वैशाखात लाकडाच्या भाऱ्यात हात घातला आणि फुरसं चावलं. मी वाचलो, हातही वाचला, पण उजव्या हाताची तर्जनी मेली. दिसायला शाबूत, वाकते, सरळ होते, पण टाचणी टोचली तरी पत्ता नाही. दुसऱ्या कुणाला चाललं असतं. कलमवाल्याला कसं चालणार? आंब्याच्या काडीला, म्हणजे चांगल्या झाडाच्या कापलेल्या डहाळीला, पाचर काढायची ती एका ओढीत, दोन्ही अंगांनी सारखी. ती रोपाच्या खोडाच्या चिरेत बसवून उजेडासमोर धरली, तर सांध्यातून उजेड दिसता कामा नये. त्या पावसाळ्यात माझ्या सांध्यांतून उजेडच उजेड. निम्मी कलमंसुद्धा जगली नाहीत. गावात सांगितलं, यंदा हवा खराब. माझ्या हाताखाली शिकलेला पुतण्या विजू, त्यालाही तेच सांगितलं. कलमवाल्याचं बोट मेलं हे एकदा बाहेर कळलं की गिऱ्हाईक कुंपणाबाहेरूनच परत जातं.

बायको, सुलभा, म्हणाली, "द्या सगळं विजूच्या हवाली आणि बसा ओटीवर सुपारी कातरत."

"सुपारी कातरायलाही बोट लागतंच," मी म्हटलं.

त्या हिवाळ्यात नेसरीहून एक गिऱ्हाईक काजूची कलमं न्यायला आलं. त्यांच्या खिशात चाकू होता. सहज हातात घेतला आणि माझ्या तळव्यात तो असा बसला की परत द्यावासा वाटेना. "शिवाजी पेठेत गफूर शिकलगार म्हणून हाय," ते म्हणाले. "हात बगून मूठ करतोय गडी." शिकलगार म्हणजे हत्यारं घडवणारे, धार लावणारे.

सुलभाला शब्द दिला की मूठ बसली आणि हात चालला तर यंदाची कलमं मी करीन, नाहीतर विजू करील आणि मी सुपारी कातरीन. वडिलांच्या हातचं जुनं पातं घेतलं, त्याची झिजलेली शिवणीच्या लाकडाची मूठ घेतली. करून बघायला हापूसच्या पाच काड्या ओल्या फडक्यात आणि वरून केळीच्या खोडाच्या सोपटात गुंडाळल्या. मे महिना संपत आला होता. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झालेली, पण ती काय कोल्हापूरला नेणार? एसटीत बसलो. आंबा घाटाचं वर्णन करीत नाही, कारण माझ्या पुढच्या बाईंना घाट लागला आणि मी सगळा वेळ डोळे मिटून बसलो.

मंगळवार, शिवाजी पेठ

उतरल्याबरोबर मिसळ मागवली. आमच्याकडे मिसळीत फरसाण, उसळ आणि जेमतेम रंग असतो. इथं ताटलीत लाल तळं आलं आणि पावाच्या जागी स्लाइसचे तुकडे. मी म्हटलं, पाव द्या. पोऱ्या म्हणाला, "ह्योच पाव की." खाल्ली. नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आणखी रस्सा मागितला.

शिवाजी पेठेत तालमीसमोर दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जाण्याच्या बेतात होती. मी बाजूनं निघालो तर दोघंही एकदम वळले. "काय पावणं, कुणाकडं?" भांडण फुटबॉलच्या मॅचवरून चाललं होतं आणि भांडण ते नव्हतंच, तो त्यांचा बोलण्याचा आवाज. गफूर शिकलगाराचं नाव काढल्यावर त्यातला एक दारापर्यंत सोडायला आला. आमच्याकडे वाट विचारली की माणूस आधी कोण, कुठले, कशाला सगळं काढून घेतो आणि शेवटी म्हणतो, मला काय ठाऊक नाही बुवा.

दुकान म्हणजे दहा फूट रुंदीची खोली, पुढं भट्टी, मागं घर. गफूरभाई साठीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कडुलिंबाच्या फळीवर कानशी ओळीनं मांडलेल्या. मी पातं पुढं केलं. त्यांनी ते नखावर वाजवलं, कानाशी नेलं.

"जुनं पोलाद हाय. करवतीचं. कुणी केलं?"

"वडिलांनी."

"हुशार हुता म्हातारा. बसा की. ए, पावण्यांस्नी दूध आन."

मी चहा चालेल म्हटलं. आतून त्यांच्या बायकोचा, जैतूनभाभींचा, आवाज आला, "च्या काय, कुटंबी मिळतोय!" आणि पितळी पेला भरून म्हशीचं दूध आलं, वर बोटभर फेस. आमच्याकडे पाहुण्याला कोरा चहा दिला तरी पाहुणचार झाला. इथं दूध नाकारणं म्हणजे घर नाकारणं, हे त्या चार दिवसांत मी पोटाला तडस लागेपर्यंत शिकलो.

मग गफूरभाईंनी एक पेटी उघडली. मुठीचं सामान. शिसम काळंभोर, चिंचेचं लाकूड जड आणि दाट, पितळेची ओतीव मूठ, म्हशीच्या शिंगाच्या दाबून सपाट केलेल्या पट्ट्या. "सांबरशिंग मागू नगासा. ते बंद हाय. देणाऱ्याला आन् घेणाऱ्याला, दोघांस्नी आत टाकत्यात." दुसऱ्या पेटीत अस्तरं. मुठीच्या दोन फाका आणि मधलं पोलाद यांच्यामध्ये जी पातळ पट्टी घालतात तिला अस्तर म्हणायचं. ती बाहेरून नुसती रेघ दिसते, पण सगळी शोभा त्या रेघेची. पितळेची होती, तांब्याची होती, चपलेच्या कातड्याची लालसर होती, आणि एक तपकिरी जाड कागद होता तो कशाचा ते मला कळेना.

माझं लक्ष शिंगावर गेलं. त्यांनी त्यातली एक पट्टी तेलाच्या फडक्यानं पुसून उन्हात धरली. काळ्यात मधाच्या रंगाच्या शिरा चमकल्या. माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर शिवणीच्या मुठीनं काम केलेला माणूस मी, म्हटलं आता एकदा होऊन जाऊ दे. "हेच. आणि पितळेचं अस्तर."

"कापता काय तुमी ह्यानं?"

"काड्या. आंब्याच्या."

"हात दावा." मी दाखवला. त्यांनी माझी पकड मापली, तळवा मापला. मग तर्जनीवरच्या काळ्या डागाशी थांबले. "ह्या बोटाला काय झालंय?"

"काही नाही. जुनं आहे," मी म्हटलं.

हीच ती थाप. एका दमात, काही गरज नसताना मारलेली. ज्या माणसाकडे केवळ त्या बोटापायी दोन गाड्या बदलून आलो, त्यालाच सांगितलं, काही नाही. गफूरभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. पाव्हण्याला खोदून विचारायचं नाही ही त्यांची रीत, आणि दुखणं दाराबाहेर न्यायचं नाही ही आमची. दोन्ही रीती चांगल्याच, पण मूठ चुकली.

बुधवार, लिंबू आणि चादर

दुपारी मूठ तयार. मी खोटं बोलणार नाही, चाकू देखणा झाला होता. काळं शिंग, पिवळीधमक बारीक रेघ, पितळेचे तीन खिळे. लग्नात नवरदेवाच्या हातात द्यावा असा.

गफूरभाईंचा एक नेम आहे. नवं हत्यार गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत, जमिनीवर ठेवतात, गिऱ्हाइकानं उचलायचं आणि त्यांच्यासमोर त्यानं पहिलं लिंबू कापायचं. मी उचललं, लिंबू पाटावर ठेवून कापलं. सुरेख दोन फाका झाल्या. भाभींनी त्या भट्टीच्या दोन बाजूंना ठेवल्या. सगळे खूश. पण लिंबू कुणालाही कापता येतं हो. त्याला बोटाचं काम कुठं लागतं? काड्या माझ्या पिशवीत होत्या, पण चार लोकांसमोर त्या काढायची माझी छाती झाली नाही.

लॉजवर येऊन दार लावलं, कॉटवर बसलो, पहिली काडी घेतली. डाव्या हातात काडी, उजव्यात चाकू, तर्जनी पात्याच्या पाठीवर, आणि ओढ. पाचर तिरपी. दुसरी काडी. पुन्हा तिरपी. चाकू मुठीत फिरतो आहे हे डोळ्यांना दिसत होतं, हाताला कळत नव्हतं. शिंग घामानं गुळगुळीत झालेलं. तिसरी काडी चिडून घेतली आणि चिडून ओढली. ती बरी निघाली असं वाटलं म्हणून खिडकीशी नेली, तर काडी लाल. खाली पाहतो तो चादर लाल. तर्जनीचं टोक चांगलं उघडलेलं आणि मला खबर नाही.

बोटाला फडकं गुंडाळेपर्यंत मॅनेजर पाण्याचा जग घेऊन आत. चादर बघून तो दारातच थबकला.

"ओ पावणं! कोंबडं कापलासा व्हय खोलीत?"

"बोट कापलं."

"मग वरडायचं न्हाई का?"

काय सांगणार, की दुखलंच नाही म्हणून? दुखलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं खालून हळद आणली, स्वतः दाबून बसवली आणि बांधून दिली. चादरीचं त्यानं नावही काढलं नाही. तो गेल्यावर मी खुर्चीवर बसून राहिलो. मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला बाप्या लॉजच्या खुर्चीत रडतोय आणि खाली रस्त्यावर कोणीतरी फुटबॉलवरून ओरडतंय. मनात म्हटलं, संपलं आपलं. उद्याची पहिली गाडी धरायची, विजूला किल्ल्या द्यायच्या.

गुरुवार, कोळशाची रेघ

गाडी धरायला निघालो तो पेठेकडे कसा वळलो ते माहीत नाही. बहुधा चाकूचं म्यान दुकानात राहिलं म्हणून. असं मी स्वतःला सांगितलं.

भाभींनी बोटाचं फडकं पाहिलं आणि काही न विचारता दूध आणलं. गफूरभाईंनी विचारलं, "लागलं?"

"लागलं ते कळलं नाही," मी म्हटलं आणि मग सगळं सांगून टाकलं. फुरसं, मेलेलं बोट, तिरप्या पाचरी, विजू, सुलभाला दिलेला शब्द. एका वर्षाचं सगळं पाच मिनिटांत.

गफूरभाई भडकले. खरंच भडकले. कानस फळीवर आपटली. "आधी सांगायचं न्हवं का! डागदराकडं पोटाचं दुखणं घेऊन जायाचं आन् गुडघा दावायचा, व्हय? मी शिंग दिलं तुमास्नी! शिंग! वल्लं झालं की हातातनं माशावानी निसटतंय त्ये. माजं नाव बद्दू केलासा की."

"चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं तर चुकलं. बसा. डोळं झाका."

मी डोळे मिटले. त्यांनी काडेपेटीची काडी घेतली आणि माझ्या हातावर एकेक जागा टोचत निघाले. "लागतंय?" नाही. "इतं?" नाही. "इतं?" किंचित. "आन् इतं?" हो. डॉक्टरांनी सहा महिने गोळ्या दिल्या, पण असा हात कुणी चाचपला नव्हता. डोळे उघडले तर तर्जनीच्या बुडाशी, अंगठ्याच्या बेचक्यातून, कोळशानं एक वाकडी रेघ ओढलेली.

"ही तुमची शीव. हिच्या पल्याड काय न्हाई. मधलं बोट जित्तं हाय, तळवा जित्ता हाय. हत्यार त्यांच्या हवाली करायचं. मेलेल्या बोटाला नुस्तं बसायला जागा द्यायची, काम सांगायचं न्हाई."

तेव्हा मुठीचा विचार नव्यानं सुरू झाला, आणि आता मी मध्ये तोंड घातलं नाही. शिंग गेलं. शिसम घासून घासून काचेसारखं होतं म्हणून गेलं. चिंच चांगली, पण आमच्या चार महिन्यांच्या पाण्यात फुगेल. गफूरभाई माळ्यावर चढले आणि बैलगाडीच्या मोडक्या चाकाचा एक आरा घेऊन आले. बाभूळ. "चाळीस वर्सं चिखलातनं फिरलाय. फुगायचा तेवडा फुगलाय, आटायचा तेवडा आटलाय. आता ह्याला काय सुदीक होत न्हाई."

अस्तराला मी पुन्हा पितळेकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "तांबं. तांबं मऊ हाय, कड गोल करता येती, तळव्याला कापत न्हाई." मग माझ्या हातात जुनी एक मूठ दिली. "बगा, अस्तर हाताला लागतंय का?" नाही, रेघ नुसती दिसत होती. "अस्तर मुठीसंगट सपाट घासायचं असतंय. शिकाऊ गड्यानं वर ठेवलं तर त्याला आमी शिव्या घालतो. तुमचं मी वर ठेवणार. केसभर. उजव्या अंगाचंच, मधल्या बोटाखाली. चाकू मुठीत फिरला की ती कड बोटाखालनं सरकंल. मेलेल्या बोटानं न्हाई सांगितलं तरी मधलं सांगंल."

मी मधल्या बोटानं जुन्या मुठीवरची रेघ पुन्हा चाचपून पाहिली.

"फकस्त एक करा," ते म्हणाले, "कुण्या शिकलगारानं बगितलं तर माजं नाव सांगू नगासा."

तपकिरी कागदाचा उलगडाही तेव्हा झाला. उचगावचा एक ओळखीचा गडी पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो, त्या तारांमध्ये घालायचा तो कागद. तांबं आणि पोलाद ओल्यात एकमेकांना लागून राहिलं की पोलाद लवकर गंजतं, म्हणून दोघांच्या मध्ये तो घालायचा. आमच्याकडे तीस वर्षं चाकू गंजताना पाहिले, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

शुक्रवार, डब्यातलं रोप

हा चाकू देखणा नव्हता. मूठ जाडगी, रंग चुलीतल्या लाकडाचा, वर जवसाच्या तेलाचा हात. पाठीवर तर्जनीला बसायला उथळ खाच. एका अंगानं तांब्याची कड उठलेली, बघणाऱ्याला वाटावं कारागीर घासायचा विसरला.

मी जमिनीवरून उचलला. मधल्या बोटाखाली कड लागली. लिंबासाठी वाट बघत उभा राहिलो.

"लिंबू ऱ्हाऊ दे," गफूरभाई म्हणाले. "तुमचं जे काय असंल ते कापून दावा."

पाचांतल्या दोन काड्या उरल्या होत्या. सोपट सोडलं. पहिली घेतली. पाचर नाही, कोयता मारल्यासारखं झालं. गफूरभाईंनी चाकू परत घेतला, तांब्याच्या कडेवर कानशीचे चार हात मारले, पुन्हा दिला. "बोट मागं सरकत हुतं. आता बगा."

शेवटची काडी. पण कलम करायचं कशावर? मागच्या अंगणात तुपाच्या जुन्या डब्यात आंब्याच्या कोयीचं रोप उगवलेलं होतं, वीतभर, कोवळं. भाभींनी चैत्रात खाल्लेल्या आंब्याची कोय टाकली होती. मी डबा ओढला तशा त्या आडव्या आल्या.

"काय करतासा त्येला?"

"शेंडा कापायचा, भाभी."

"मुंडकं उडवायचं? रोज पाणी घालून वाडीवलंय मी!"

"उडवू दे," गफूरभाई म्हणाले. "पावण्याचं सगळंच ह्यात अडाकलंय."

शेंडा उडवला. खोडाला चीर दिली. मग काडी घेतली. ओढताना एका क्षणी मधल्या बोटाखालून कड सरकली, मी मनगट वळवलं, कड परत जागेवर आली, आणि पातं निघून गेलं. दुसऱ्या अंगानं तसंच. पाचर चिरेत बसवली आणि डबा उचलून उन्हाकडे धरला.

उजेड दिसला नाही. मी गफूरभाईंना दाखवलं, त्यांनी चष्मा सारून पाहिलं. भाभींनी पाहिलं. तालमीसमोरचा तो फुटबॉलवाला कशाला तरी आला होता, त्यानंही पाहिलं आणि म्हणाला, "न्हाई दिसत. का, काय दिसाय पायजे?" मी मोठ्यानं हसलो. वर्षभरात तसा हसलो नव्हतो.

प्लास्टिकची पट्टी बांधली, वर पिशवीची टोपी घातली, भाभींना सांगितलं की सावलीत ठेवा, बेतानं पाणी घाला, तीनेक आठवड्यांनी काय ते कळेल. आमच्या गावच्या वाण्याच्या दुकानातला फोन नंबर कागदावर लिहून दिला. जेवल्याशिवाय कुणी सोडणार नव्हतंच. पांढरा रस्सा मी तीन वाट्या प्यायलो, तांबड्याला लांबूनच नमस्कार केला.

घरी

इथं माझा भित्रेपणा कबूल करतो. एक कलम उन्हात धरून उजेड दिसला नाही, म्हणून काय ते जगतंच? सुलभाला म्हटलं, तिकडचं फुटलं तर यंदा मी करीन. ती म्हणाली, आणि नाही फुटलं तर? मी उठलो. चाकू तेल लावून फळीवर ठेवला. रोपं तयार झाली, विजू रोज विचारी, "काका, कधी सुरू करायचं?" मी म्हणे, हवा बघू.

चौथा आठवडा लागला तेव्हा वाण्याचा निरोप आला, कोल्हापूरहून फोन आहे, पुन्हा करणार आहेत. चप्पल न घालता गेलो. पलीकडून भाभी, आवाज असा की फोनची गरज नव्हती.

"पावणं, काय दिलासा ह्ये आमास्नी? बिगडलंय की!"

"काय झालं, भाभी?"

"पानं आल्यात, चार. पर हिरवी न्हाईत. समदी तांबडी. तुमच्या मुठीतल्या पट्टीवानी. रोग पडलाय जनू. ह्येनी म्हणत्यात विचार, उपटून टाकायचं काय?"

वाणी माझ्या तोंडाकडे बघत होता.

"पावणं? ऐकतासा न्हवं?"

"उपटू नका," मी म्हटलं. "भाभी, आंब्याची पालवी तांबडीच येते. मग हिरवी होते. जगलंय ते. जगलंय."

पलीकडे त्या गफूरभाईंना काहीतरी ओरडून म्हणाल्या आणि पुन्हा फोनवर आल्या.

"मग आधी सांगायचं न्हवं का!"

फोन ठेवला. घरी आलो, फळीवरून चाकू काढला, आणि विजूला हाक मारून समोर बसवलं. आधी त्याला बोटाचं सांगितलं. मग आम्ही दोघं काड्या काढायला गेलो.